राहतं घर घेऊन सरकार ती जागा मॉलला देऊ शकतं का? अडवता येतं का?

देऊ शकतं. आमची जागा दिली.

१९९४ साली आमच्या गल्लीतल्या ११ घरांना भूसंपादन कायद्याच्या कलम ४ ची, म्हणजे जागा घेणार असल्याची, नोटीस आली. प्रयोजन होतं बस आगार. आज तिथे मॉल आहे आणि आमचं देवघर होतं तिथून गाड्या तळघरात उतरतात. अप्पांनी ते घर प्रॉव्हिडंट फंड काढून, रविवारी स्वतः भिंतींवर पाणी मारून बांधलं होतं. भरपाई ठरवणाऱ्या निवाड्यात बांधकामाचा घसारा धरला आणि जमिनीचा भाव कुठल्या तरी जुन्या खरेदीखतावरून काढला.

चेक वाटपाच्या दिवशी दादा म्हणाला, "सरकारशी कोण भांडणार? मिळतंय ते पदरात पाडून घ्या." अप्पांनी सही केली. रांगेत मागे शेजारचे काका होते, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सहीच्या वर एक ओळ लिहिली: 'रक्कम अपुरी आहे, हरकत कायम ठेवून स्वीकारत आहे.' भाव दोघांनाही एकच मिळाला होता. काकांनी सहा आठवड्यांच्या आत कलम १८ चा, म्हणजे भरपाई कोर्टाकडून वाढवून मागण्याचा, अर्ज टाकला, ९ वर्षं कोर्टात खेटे घातले आणि भाव जवळजवळ अडीचपट करून घेतला, वर व्याज. आमचा अर्ज दारातूनच परत आला. पैसे बिनहरकत घेतले की तो अर्ज करता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं होतं. दादा आजही नशीब म्हणतो. कसलं नशीब? एक ओळ लिहायची होती.

१८९४ चा तो कायदा गेला, १ जानेवारी २०१४ पासून नवा लागू झाला, पण ही अट कलम ७७ मध्ये तशीच आहे. तेव्हा चेक घ्या, पण ती ओळ लिहिल्याशिवाय सही करू नका.

अडवण्याचं म्हणाल तर आधी नोटीस कुठल्या कायद्याखाली आहे ते बघा. नव्या केंद्रीय कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सरकार-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्के. एमआयडीसीच्या कायद्याखाली संपादन असेल तर ही अट नाही. केंद्रीय कायद्यात हरकतीला ६० दिवस मिळतात. लेखी द्या, पोच घ्या.

दुकानं काढायला राहतं घर घेणं हे सार्वजनिक हित नाही, कुठलंही न्यायालय काहीही म्हणो. अमेरिकेत न्यू लंडन नावाच्या शहराच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी असं संपादन वैध ठरवलं. घरं गेली, ठरलेला प्रकल्प झालाच नाही, जागा वर्षानुवर्षं ओसाड पडली.

एक सांगायचं राहिलं, आणि मी वकील नाही, म्हणून खात्री करून घ्या. बिनहरकत सही केली असली तरी एक वाट उरते. त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला वाढ मिळाली की निकालापासून ३ महिन्यांत तुम्हालाही तेवढी मागता येते. तेव्हा कलम २८-अ होतं, आता ७३ आहे. काकांचा निकाल आम्हाला वर्षभराने कळला, तोवर सगळे पांगले होते.

दादा म्हणतो, तू तेव्हा नववीत होतास, तुला काय कळत होतं? काहीच नाही. पण काकांचं घर आमच्या भिंतीला लागून होतं. सहीच्या आधी त्यांना विचारायला कुणी गेलं नाही.