विचारा सरांना : सावली खोटं बोलते का?

प्रश्न : सर, नागपूरच्या महाल भागात आमचं तीनमजली घर आहे. टाकीचा पाइप बदलायचाय. प्लंबर म्हणतो, ११ मीटर पुरेल. दहावीतल्या मुलाने १५ मेला भर दुपारी मीटरपट्टी उभी करून मोजलं. पट्टीची सावली ३ सेंटीमीटर, उत्तरेच्या गल्लीत कठड्याची सावली ४५. म्हणजे घर १५ मीटर! आता तो हटून बसलाय. खरं कोण?
– एक वाचक, महाल

उत्तर : ताई, पोराचं त्रैराशिक चोख आहे. चुकली ती वेळ. आपल्या नागपुरात २६ मेच्या सुमारास, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागता लागता, दुपारी बारा-दहाला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. १५ मेला ती जेमतेम ४ सेंटीमीटर असते. मुलाला ३ दिसली. फरक एका सेंटीमीटरचा, पण ३ च्या जागी ४ घालून बघा : ११.२५ मीटर. प्लंबरच्या जवळ आलात.

त्याच्या नजरेचा दोष नाही. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, आकाशात अर्धा अंश रुंद तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड पुसट असते, वस्तू जितकी दूर त्याच्या साधारण शंभराव्या भागाइतकी. मीटरभर पट्टीला एक सेंटीमीटर, तुमच्या कठड्याला दहाएक. त्या धुरकट पट्ट्यात टेप नेमका कुठे टेकवायचा?

मीही यात फसलोय. जूनअखेर शाळा उघडली होती, ढग फाटले म्हणून वर्ग मैदानात नेला. भर दुपारी ध्वजस्तंभाची सावली चक्क दक्षिणेला! सूर्य तेव्हा आपल्या माथ्याच्या उत्तरेला सरकलेला असतो, हे मी फळ्यावर शिकवलं होतं. पण पोरांनी विचारलं तेव्हा तोंडातून शब्द फुटेना.

सावलीनेच मोजायचं तर मेच्या मध्यात सकाळी नऊच्या सुमारास मोजा. तेव्हा काठी जेवढी, तेवढीच तिची सावली; सेंटीमीटरभर चुकलं तरी बिघडत नाही. पण ती सावली पश्चिमेला ११ मीटर पसरणार, आणि महालात एवढी मोकळी जागा कुठली? समोरच्याच्या भिंतीवर चढेल.

आता तो गच्चीवरून दगड टाकून मोबाइलवर वेळ मोजायला निघेल. निघू देऊ नका. खाली माणसं असतात हे एक. दुसरं, ११ मीटर पडायला दीड सेकंद लागतो, बोट ०.२ सेकंद मागेपुढे झालं की उत्तर ८ मीटर येईल नाहीतर १४.

सुतळीच्या टोकाला जुनं कुलूप बांधा आणि कठड्यावरून सोडा. मांजा नको, बोटं कापतील. कुलूप जमिनीला टेकलं की वर गाठ मारा, सुतळी ओढून घ्या आणि अंगणात पसरून पोरालाच टेप लावू द्या. शेजारी प्लंबरला उभं करा.