कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरल्याची शंका असेल तर अँटिव्हायरस विकत घ्यावा की थेट फॉरमॅट करावा?

तुमच्या प्रश्नातील माहिती अशी आहे: पेडणे तालुक्यातील घराच्या दोन खोल्या तुम्ही पर्यटकांना देता. त्यांचे बुकिंग आणि मुलीचा अभ्यास एकाच विंडोज लॅपटॉपवर चालतो. काही दिवसांपासून पडद्याच्या कोपऱ्यात ‘पाच व्हायरस सापडले’ अशा सूचना येत आहेत, गूगलवर काही शोधले की भलतेच पान उघडते, आणि दुकानदार फॉरमॅट मारून महागडा अँटिव्हायरस टाकायला सांगतो आहे. मी म्हापशात कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. आमच्या धंद्यात फॉरमॅट, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकणे, वारंवार सुचवला जातो, कारण तो केला की निदान करावे लागत नाही. तुमच्या बाबतीत मात्र निदान आधी व्हायला हवे, कारण पुढे काय करायचे ते त्यावरच अवलंबून आहे.

कोपऱ्यातल्या सूचना बहुधा व्हायरसच्या नसतातच. एखाद्या संकेतस्थळाने ‘अलाउ’ दाबायला लावलेले असते आणि तेव्हापासून ब्राउझरच त्या दाखवत राहतो. क्रोमच्या सेटिंग्जमधील साइट सेटिंग्ज, त्यातील नोटिफिकेशन्स उघडा आणि परवानगी मिळालेल्या यादीतून अनोळखी नावे काढून टाका. सूचना तेवढ्यानेच थांबतील. त्यांत दिलेल्या फोन नंबरवर कधीही फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. भलते पान उघडण्यामागे बहुतेक वेळा एखादे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, असते. ते काढूनही परत आले, तर क्रोमचे सिंक (सेटिंग्ज गूगल खात्यात साठवण्याची सोय) आधी बंद करून मग काढावे, कारण काही वेळा ते तुमच्या गूगल खात्यातूनच पुन्हा उतरत असते.

इथवरचे काम किरकोळ आहे. मला काळजी वाटते ती तुमच्या बुकिंगच्या ईमेलची. ‘पाहुण्याने तक्रार केली आहे’ किंवा ‘खाते पडताळा’ अशा ईमेलमधील दुव्यावर जाऊन तुम्ही ‘मी रोबोट नाही’ असे पान पाहिले का, आणि त्या पानाने विंडोजची कळ व आर एकत्र दाबा, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर, असे करायला सांगितले का, हे नीट आठवून पाहा. त्या पानाने एक आज्ञा आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. आर दाबल्यावर उघडणाऱ्या ‘रन’ चौकटीत ती पेस्ट होते आणि एंटर दाबताच आपण स्वतःच्या हाताने मालवेअर (घातक प्रोग्राम) उतरवून घेतो. डिसेंबर २०२४ पासून बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेलवाल्यांना असे ईमेल पाठवले जात असल्याचे मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले होते, आणि लक्ष्य केलेल्या प्रदेशांत दक्षिण आशियाही होता. खरा कॅप्चा, म्हणजे ‘मी रोबोट नाही’ची खरी चाचणी, चित्रे निवडायला किंवा अक्षरे टाइप करायला लावते, ‘रन’ चौकट उघडून त्यात काही पेस्ट करायला कधीच लावत नाही.

असे घडले असेल तर लॅपटॉपचे वायफाय ताबडतोब बंद करा. या जातीचे मालवेअर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतेच, शिवाय ‘लॉग इन झालेले आहे’ याची खूण म्हणून ठेवलेल्या कुकीही नेते, त्यामुळे नुसता पासवर्ड बदलणे पुरत नाही. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा, मग बँकेचा, मग बुकिंगच्या खात्याचा पासवर्ड बदला, आणि प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ हा पर्याय वापरा. हे काम त्याच लॅपटॉपवर केलेत, तर नवे पासवर्डही चोराच्याच हाती पडतील. पैसे गेले असतील तर आधी सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. परदेशी पाहुण्यांची नोंद चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करावी लागते, म्हणून त्यांच्या पासपोर्टच्या प्रती तुमच्या डेस्कटॉपवर पडून असतील. त्याही गेल्या असे धरूनच चाला, आणि यापुढे नोंद झाली की त्या तिथून काढत जा.

तपासणीसाठी विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधील ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जा आणि ऑफलाइन स्कॅन निवडा. लॅपटॉप पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू नसतानाच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेले मालवेअर तिला सहज चुकवू शकत नाही. साधारण पंधरा मिनिटे लागतात. त्याआधी ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधीलच ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये ‘एक्सक्लूजन्स’ची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या गोष्टींची, यादी मात्र जरूर पाहा. क्रॅक केलेले (परवाना चुकवून वापरलेले) विंडोज किंवा ऑफिस टाकताना वापरलेली साधने काही वेळा तिथे अख्खा सी ड्राइव्हच घालून ठेवतात, आणि मग विंडोजमधलाच अँटिव्हायरस, डिफेंडर, चालू दिसत असूनही त्यातले काहीच तपासत नाही. अशी नोंद सापडली तर ती काढून मगच स्कॅन करा. घरगुती वापराला डिफेंडर पुरेसा आहे, असे माझे मत आहे; त्याच्यावर दुसरा अँटिव्हायरस विकत घेऊन टाकण्यापेक्षा ते पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कवर खर्च करा. मुलीच्या प्रकल्पांची आणि फोटोंची प्रत त्या डिस्कवर घ्या आणि काम झाल्यावर ती काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरच्या, तावडीतून सुटत नाही.

वरची ‘रन’ चौकटीची घटना घडलेली असेल, तर मात्र दुकानदाराचे बरोबर आहे: फॉरमॅटच करा, कारण अशा लॅपटॉपवर पुन्हा बँकेचे काम करावे, असे मी कोणालाही सांगणार नाही. फोटो आणि कागदपत्रे काढून घ्या, पण इन्स्टॉल करायच्या जुन्या फाइल आणि क्रॅक फॉरमॅटनंतर परत त्यात टाकू नका. लॅपटॉप विकत घेताना त्यात मूळ विंडोज होते, तर तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यावर इंटरनेट जोडताच ती आपोआप सक्रिय होते. त्यासाठी वेगळे पैसे द्यायची किंवा ‘अॅक्टिव्हेटर’ चालवायची गरज नाही, हे दुकानदाराला आधीच सांगा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून लॅपटॉपला विंडोज ११ चालत असेल तर या वेळी तेच टाकून घ्या. मुलीसाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते उघडा, आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह न देता फाइल ईमेलने पाठवायला तिला सांगा. पेनड्राइव्ह परत आल्यावर त्यातील फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले असतील, तर त्यांवर क्लिक करू नका. मूळ फोल्डर बहुधा त्याच पेनड्राइव्हमध्ये लपवलेले असतात आणि ‘हिडन आयटम्स’ दाखवायला लावले की दिसतात. तरीही दिसले नाहीत तर फोल्डर पर्यायांतील ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढून पुन्हा पाहा.