कर्मचारी संपावर गेल्याने विमान रद्द झालं, तर भरपाई मिळते का?
पुणे-दिल्ली विमान ऐनवेळी रद्द आणि कारण संप? मग रोख भरपाईचं अवघड आहे. एरवी दोन तासांवरच्या उड्डाणाला १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं कमी असेल ते मिळतं. पण डीजीसीएच्या (देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमात संप 'असाधारण परिस्थिती'त मोडतो. (पगारावरून भांडण त्यांचं, भुर्दंड आपल्याला!) पूर्ण रिफंड किंवा दुसरं विमान मात्र हक्काचं.

माझ्या वेळी लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, पहाटे चारला काउंटरवरची मुलगी गार समोसे वाटत 'क्रेडिट शेल घ्या ना सर' एवढंच म्हणत होती. म्हणजे पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा. घेऊ नका, ते घ्यायचं की नाही हे प्रवाशाने ठरवायचं असतं. रद्द झाल्याचा एसएमएस जपून ठेवा, दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.