ईव्ही घेताय ना भाऊ, मग पहिला पैसा उन्हावर घाला

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव दारव्ह्याजवळ, रोज यवतमाळला जाणं-येणं, अधूनमधून आईला तपासणीसाठी सेवाग्रामला न्यायचं, कधीमधी नागपूर. बजेट पंधरा-सोळा लाख. शोरूमवाल्याने ईव्हीचे, म्हणजे विजेवरच्या गाडीचे, दोन व्हेरिएंट दाखवले. वरच्याला दीड-दोन लाख जास्त, आणि त्यात काचेचं छत, व्हेंटिलेटेड सीट, ३६० अंशांचा कॅमेरा, एडास (चालवताना ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा), मोठा स्क्रीन. यातलं खरंच कामाचं काय आणि पाहुण्यांना दाखवण्यापुरतं काय?

मी मोर्शी-वरूड पट्ट्यातला. स्वतः ईव्ही वापरतो, आणि आजूबाजूच्या गावांत ज्यांनी घेतल्या त्यांच्या शंकाही फिरून माझ्याकडेच येतात. माझं मत असं की आपल्याकडे सोयींची यादी उन्हापासून सुरू करायची. त्यानंतर वीज, मग घरातली म्हातारी माणसं, आणि बाकीचं उरलेल्या पैशात. ब्रोशर पुण्या-मुंबईच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकसाठी लिहिलेलं असतं. आपली गाडी नवतपात दुपारी दोन वाजता तहसीलीसमोर उभी असते, पारा ४५-४६ वर असतो, आणि आत बसल्यावर स्टेअरिंगला हात लावायची सोय नसते.

ईव्हीचं सगळ्यात मोठं सुख कोणी फीचर म्हणून विकतच नाही. ते म्हणजे उभ्या गाडीत चालणारा एसी. डिझेल गाडीत त्यासाठी इंजिन घरघरत ठेवावं लागतं. ईव्हीचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीवर चालतो; आवाज नाही, धूर नाही. कडक उन्हात असं तासभर बसलं तर साधारण एक ते दोन युनिट जातात, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरची रेंज. दवाखान्याच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत आई गाडीत आडवी होऊ शकते, याची किंमत मी कुठल्याही स्क्रीनपेक्षा जास्त धरतो. पण एक गोष्ट शोरूममध्ये करूनच पाहा: ड्रायव्हर उतरला, दार लावलं, तरी एसी चालू राहतो का? काही गाड्यांत त्यासाठी वेगळा मोड असतो, काहींत ड्रायव्हर उतरला की थोड्या वेळाने सगळं बंद पडतं. आणि मोड असला तरी लहान पोरांना एकटं आत ठेवून जायचं नाही. एसी कुठल्याही कारणाने बंद पडला तर बंद काचांची गाडी काही मिनिटांत तापते.

व्हेंटिलेटेड सीटला माझं डोळे मिटून हो. सेल्समन तिला ‘थंड सीट’ म्हणतो, पण ती थंड करत नाही. सीटच्या छिद्रांतून पंखा केबिनमधलीच हवा फिरवतो, त्यामुळे पाठीचा घाम वाळतो. पंख्याला वीज नगण्य लागते, तर एसीच्या कॉम्प्रेसरला त्याच्या कितीतरी पट. सीटचा पंखा चालू असला की एसी २२ ऐवजी २६ वर ठेवूनही बरं वाटतं, आणि रेंजही वाचते. फक्त गाडी घरी आल्याबरोबर त्यावर रेक्झिनचं सीटकव्हर चढवू नका. आपल्याकडे ही हौस फार आहे. छिद्रं झाकली की दिलेले पैसे मातीत. दुसरं असं की बऱ्याच गाड्यांत ही सोय फक्त पुढच्या दोन सीटना असते. आई मागे बसणार असेल तर मागे एसीचे व्हेंट आहेत का आणि त्यांतून हवा किती जोरात येते, ते आधी बघा.

आता काचेचं छत. मी तरी घेणार नाही. एमजी विंडसरच्या वरच्या व्हेरिएंटला असतं तसं मोठं, न उघडणारं काचेचं छत दिसायला छानच, आणि त्याला उष्णता अडवणारा थरही असतो. पण मे महिन्यात डोक्यावरची काच ती काचच. पत्र्याचं छत आणि त्याखालचं अस्तर तिच्यापेक्षा बरं. घ्यायचंच ठरलं तर छताला पूर्ण झाकणारा, आतून सरकणारा पडदा आहे का ते बघा. नुसत्या पातळ जाळीवर भागत नाही. काळ्या फिल्मचा विचार मनात असेल तर सोडा: नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे.

मोबाइलवरून आधीच एसी सुरू करायची सोय सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. गाडी दहा मिनिटं आधी थंड करून ठेवली की बसताना चटका नाही. पण ती गाडीतल्या सिमवर चालते. बाजारात, बसस्टँडवर चालेल. वावरात धुऱ्याजवळ गाडी उभी असेल तर मोबाइल नुसता गोल फिरवत बसेल. म्हणून हे काम चावीच्या बटनावरून किंवा गाडीतच वेळ लावून होतं का, ते विचारा. घरी चार्जर लावलेला असताना ठरल्या वेळी एसी सुरू होत असेल तर उत्तमच, कारण ती थंडी बॅटरीतून न जाता लाइनीवरून येते.

आता वीज. ब्रोशरमध्ये यावर अर्धी ओळ असते, आणि गावात रोजचा वैताग इथेच असतो. तुमचं रोजचं जाणं-येणं ऐंशी-नव्वद किलोमीटर धरलं, तर युनिटला सात किलोमीटरच्या हिशेबाने बारा-तेरा युनिट लागतील. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी साधारण तीन किलोवॅटने चार्ज होते, म्हणजे साडेचार तास. लाइन जात-येत राहिली तरी रात्रीत सहज होतं. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर फुकट मिळत असेल तर घ्या, पण तो लावायला महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. त्यासाठी वेगळे पैसे मोजून वरचा व्हेरिएंट घ्यायची तुम्हाला गरज दिसत नाही.

शोरूममध्ये कोणी सांगत नाही अशा तीन गोष्टी विचारा. लाइन जाऊन परत आली की चार्जिंग आपोआप सुरू होतं का, का उठून वायर काढून पुन्हा लावावी लागते? चार्जिंगचा करंट कमी करता येतो का? संध्याकाळी गावभर मोटारी आणि कूलर चालू असताना व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, तेव्हा सोळाऐवजी दहा अँपिअरवर गाडी निमूट चार्ज होत राहते, नाहीतर दर अर्ध्या तासाला ट्रिप. आणि रात्री बारानंतरची वेळ लावून ठेवता येते का? त्या वेळी व्होल्टेजही बरं असतं आणि दिवसभर तापलेली बॅटरीही थोडी निवलेली असते. माझ्या हिशेबात या तीन गोष्टी ३६० अंशांच्या कॅमेऱ्याच्या कितीतरी वर आहेत.

अर्थिंग मात्र तुमच्या घरचं काम आहे. ईव्हीचा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चार्ज करायलाच नकार देतो, आणि लोक गाडीला दोष देत बसतात. काळ्या मातीत आपल्याकडे वेगळीच गंमत होते. उन्हाळ्यात जमीन सुकून भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो, आणि पावसाळ्यात बरोबर चालणारा चार्जर मे महिन्यात रुसतो. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. आणि वावरातल्या मोटारीच्या कनेक्शनवर गाडी चार्ज करू नका; शेतीपंपाची वीज त्यासाठी नाही, तपासणीत सापडलं तर दंड भारी पडतो.

गाडीतून बाहेर वीज घेण्याची सोय, म्हणजे व्ही-टू-एल, ही आपल्या भागासाठी खरी चैन आहे. नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ च्या बदललेल्या मॉडेलपासून वरच्या व्हेरिएंटमध्ये ती आहे, क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये आहे, विंडसर प्रोमध्येही आहे. लाइन रात्रभर गेली तर एक कूलर, दोन पंखे आणि एखादा दिवा मिळून चारशे वॅट धरा: आठ तासांत सव्वातीन युनिट, म्हणजे वीस-बावीस किलोमीटरची रेंज. सकाळी यवतमाळला जायला उरलेली बॅटरी पुरून उरते. फवारणीच्या पंपाच्या बॅटऱ्या धुऱ्यावरच चार्ज होतात, वेल्डिंगवाल्याचं ग्राइंडर चालतं. पाच हॉर्सपॉवरची मोटर मात्र चालणार नाही, ती थ्री-फेज आहे, तो नाद सोडा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: दोन्हीकडे पिन असलेली वायर करून गाडीची वीज घराच्या सॉकेटमध्ये उलटी सोडू नका. ती मीटरमधून डीपीपर्यंत जाते आणि तिथे फ्यूज टाकणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतते. एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, त्यावर कूलर लावा, बस्स.

आता आई. तुम्ही मागच्या सीटबद्दल काहीच विचारलं नाही, आणि मला वाटतं वरच्या-खालच्या व्हेरिएंटपेक्षा हेच जास्त महत्त्वाचं. ईव्हीत बॅटरी पायाखाली असते. पेट्रोलच्या साच्यावर बनवलेल्या काही गाड्यांत त्यामुळे मागची फरशी वर येते, गुडघे उंच राहतात आणि मांडीला आधार मिळत नाही. दहा मिनिटं कळत नाही, सेवाग्रामपर्यंत मात्र कंबर बोलू लागते. उलट विंडसरसारख्या मूळ ईव्ही म्हणूनच आखलेल्या गाड्यांत फरशी सपाट, पाय ठेवायला जागा भरपूर. तिची मागची पाठ १३५ अंशांपर्यंत मागे जाते, ती आजारी माणसाला खरंच बरी. पण आईला प्रत्यक्ष नेऊन बसवल्याशिवाय काही ठरवू नका. पंधरा मिनिटं बसवा, चार वेळा चढू-उतरू द्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सीट कमरेच्या उंचीला हवी. फार खाली असली तर उठवत नाही आणि फार वर असली तर पाय उचलवत नाही. दाराच्या वर धरायला कडी आहे का, हेही बघा. काही गाड्यांत पैसे वाचवायला ती काढून टाकलेली असते.

मोठ्या स्क्रीनबद्दल माझं मत जुन्या माणसाचं आहे असं म्हणा. एसीचा वेग, तापमान आणि काचेवरची वाफ घालवणं, एवढ्याला तरी खरी बटनं हवीत. पांदण रस्त्यावर गाडी हेलकावे खात असताना, बोटांना धूळ आणि घाम असताना, काचेवर नेमका चौकोन शोधायचा म्हणजे नजर रस्त्यावरून हटली. हा हट्ट आता फक्त आपला राहिलेला नाही: युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा कामांना खरी बटनं किंवा दांडे असण्याला गुण ठेवले आहेत. बोलून हुकूम द्यायची सोय हिंदी समजते म्हणतात. “एसी कमी कर बाप्पा” म्हणून पाहा, मजा येईल.

एडासवर पैसे घालायचे का? नागपूरला जाताना कारंज्याकडून समृद्धीवर लागणार असाल तर समोरच्या गाडीचं अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल उपयोगी आहे. तिथे मर्यादा ताशी १२० ची आहे, रस्ता सरळसोट, आणि एकसुरीपणाने डोळा लागायची भीती खरी आहे. पण वर्षातून चार वेळा समृद्धी पाहणाऱ्यासाठी तो खर्च वसूल होत नाही. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर कापसाची बंडी, शेळ्या आणि उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल यांच्यात लेन धरून ठेवणारी यंत्रणा स्टेअरिंगला हिसके देते. तुम्ही ती पहिल्याच आठवड्यात बंद कराल. त्याऐवजी टायरचं प्रेशर दाखवणारी सोय खालच्या व्हेरिएंटमध्येही आहे का बघा. तापलेल्या काँक्रीटवर ताशी १०० च्या वर कमी हवेचा टायर फुटतो, आणि समृद्धीवरच्या अपघातांत टायर फुटणं हे नेहमीचं कारण आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

आणि स्टेपनी! बऱ्याच ईव्हींत स्टेपनी नसते, पंक्चरचं किट देतात. बाभळीचा काटा त्या किटने भागतो. मुरुमातल्या दगडाने टायरची बाजू फाटली तर किटचा काही उपयोग नाही. स्टेपनी नसेल तर ती वेगळी घेऊन डिकीत मावते का, ते मोजून बघा. डिकी त्यातच भरली तर बॉनेटखालची छोटी जागा कामी येते. पंच ईव्हीत ती १४ लिटरचीच आहे, पण चिखलाने माखलेली चार्जिंगची वायर तिथे छान बसते.

३६० अंशांचा कॅमेरा मिळाला तर घ्या, त्यासाठी व्हेरिएंट बदलू नका. गावातल्या बोळात उघडी नाली आणि ओट्याचे दगड दिसतात हे खरं, पण धुळीने लेन्स दर दोन दिवसांनी पुसावी लागते. दारात बसलेली, बटनावर बाहेर येणारी हँडलं मला आवडत नाहीत. कडेला चिखल सुकला की ती अर्धीच बाहेर येतात. एक सोय मात्र बंद करू नका, हळू चालताना गाडी बाहेर आवाज करते ती. गावात म्हातारी माणसं आणि ढोरं कानावर विसंबून रस्ता सोडतात, आणि ईव्ही मागून येऊन उभी राहिली तरी कळत नाही.

म्हणजे तुमच्यासाठी हिशेब असा दिसतो: व्हेंटिलेटेड सीट आणि व्ही-टू-एल ज्या सगळ्यात खालच्या व्हेरिएंटमध्ये एकत्र मिळतात तो पकडा, मग त्यावर काचेचं छत असो-नसो. दोन्ही एकत्र बजेटात बसत नसतील तर सीट घ्या, घरात इन्व्हर्टर लावा. रंग पांढरा, पोराला काळाच हवा असेल तर भांडण तुम्ही सोडवा.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी घेऊ नका. दुपारी एक-दोनला जा, गाडी आधी तासभर उन्हात उभी करायला सांगा, आणि मग आईला मागे बसवून फिरा. बुकिंगच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-चारच्या आत हवं. आकडा जास्त आला तर मला कळवा, खड्डा कुठे आणि किती खोल घ्यायचा ते सांगतो.