जुन्या लॅपटॉपची स्क्रीन बिघडलीय? आधी हे तपासा

स्क्रीनवर रेषा येतात, चित्र लुकलुकतं किंवा स्क्रीन काळीच राहते? लगेच नवीन स्क्रीन मागवू नका. नवशिक्यांची सगळ्यात महागडी चूक हीच, कारण दोष बऱ्याचदा स्क्रीनमध्ये नसतोच.

सर्वात आधी एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला किंवा दुसऱ्या मॉनिटरला जोडा. तिथेही त्याच रेषा, तसंच लुकलुकणं दिसलं, तर संशय ग्राफिक्स चिपवर (चित्र तयार करणारी चिप) किंवा ड्रायव्हरवर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर). तिथे चित्र स्वच्छ असेल, तर बहुतेक स्क्रीन किंवा तिची केबल. मग झाकण हळूहळू मागेपुढे करा. कोन बदलला की चित्र येत-जात असेल, तर बिजागरीजवळून जाणारी केबल बघायला हवी. उघडझाप होऊन ती झिजते, आणि नव्या स्क्रीनपेक्षा बरीच स्वस्त पडते.

आणखी दोन गोष्टी:

- स्क्रीन काळी, पण पंखा चालू? टॉर्च तिरका धरा. अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, गेलाय.
- बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारी सेटिंग्जची स्क्रीन) जाऊन पाहा. तिथेही रेषा असतील, तर विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

उघडायची वेळ आलीच, तर चार्जर काढा आणि आतली बॅटरीही सोडवा. मदरबोर्डचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डचा) विचार आत्ता नको. एवढं तुम्हाला नक्की जमेल. काय दिसलं ते सांगा, पुढचं मिळून बघू.