‘मिजास’ म्हणजे मुळात मिसळण

एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे भिंतीवर सूचना लागली आहे: ‘कर्मचाऱ्यांनी रुग्णांप्रती सकारात्मक अभिवृत्ती बाळगावी.’ कुणालाच तिचा अर्थ लागला नाही. ‘ॲटिट्यूड’ला साधा मराठी शब्द कोणता, असं त्या विचारतात. शिवाय एका सहकाऱ्यानं ‘मिजास’ सुचवला आहे, कारण कोशात त्याचा एक अर्थ ‘स्वभाव’ असा सापडला. तो चालेल का?

नाही चालणार. आजच्या मराठीत मिजास म्हणजे घमेंड, तोरा. ‘स्वभाव’ हा अर्थ कोशात उरला आहे, माणसांच्या तोंडी नाही. सूचनेत ‘वागणूक’ लिहा. त्याहून बरं म्हणजे ‘आलेल्या माणसाकडे बघून बोला’ असं लिहा. ते शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना कळेल.

‘अभिवृत्ती’बद्दल मात्र मला राग आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा शब्द पारिभाषिक म्हणून आला, तिथे तो राहो. व्याख्या करून वापरायचा शब्द वर्गात ठीक असतो. पण रांगेत उभ्या असलेल्या तापाच्या रुग्णाशी कसं बोलावं हे सांगायला तो भिंतीवर लावणं म्हणजे सूचना न देण्यासारखंच आहे. ‘वृत्ती’ला ‘अभि’ जोडून नेमकं काय वाढलं, हे मला कुणीही समाधान होईल असं सांगितलेलं नाही.

आता ‘ॲटिट्यूड’. ‘त्याला फार ॲटिट्यूड आहे’, ‘मला ॲटिट्यूड दाखवू नकोस’ ही वाक्यं दिवसभर कानावर येतात. यावर भाषेतले जाणकार दोन गोष्टी सांगतात. पहिली, की ॲटिट्यूड म्हणजे नुसता दृष्टिकोन, तो प्रत्येकाला असतोच, तेव्हा ‘त्याला ॲटिट्यूड आहे’ हे वाक्य निरर्थक आहे. दुसरी, की ही लकब अमेरिकन बोलीतून मालिका-सिनेमांमार्फत इथे आली. दुसऱ्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पहिल्यात मुळीच नाही. ‘त्याला फार तोंड आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा बाकीच्यांना तोंड नसतं का? ‘गुण उधळले’ यातले गुण चांगले असतात का? सगळ्यांकडेच असलेल्या गोष्टीचं नाव घ्यायचं आणि तिच्यातलं खुपणारं तेवढं सुचवायचं, ही मराठीची फार जुनी खोड आहे. ‘ॲटिट्यूड’ इथे आला तो या तयार साच्यात बसला. साचा आपला आहे.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण ‘शिष्ट’. संस्कृतात शास् म्हणजे शिकवणं, शिस्त लावणं. त्यावरून शिष्ट म्हणजे शिकलेला, सुसंस्कृत. शिष्टाचार आणि शिष्टमंडळ या शब्दांत तो मान अजून शाबूत आहे. पण ‘नवी शेजारीण जरा शिष्टच आहे’ असं म्हटलं की काय कळतं? ती जिन्यात भेटली तर हसत नाही. संस्कृतातला सभ्य माणूस मराठी जिन्यात येईपर्यंत आढ्यताखोर झाला. ‘मगरूर’ची गोष्ट आणखी पुढची. अरबीत मग़रूर म्हणजे फसवला गेलेला, ज्या धातूवरून ग़ुरूर आला त्याचा अर्थच भुलवणं. आपण ज्याला गर्विष्ठ म्हणतो त्याला मूळ अरबी शब्द फसगत झालेला म्हणतो.

पण मला खरं सांगायचं आहे ते मिजासबद्दल.

मूळ शब्द अरबी मिज़ाज. धातू म-ज़-ज, अर्थ मिसळणं. त्याच धातूवरून अरबीत मिश्रणाला इम्तिज़ाज म्हणतात. मिजाज म्हणजे मिश्रण! कशाचं मिश्रण, ते युनानी वैद्यक सांगतं. ग्रीक वैद्य गेलन याच्या परंपरेतून आलेला आणि इब्न सीना या इराणी वैद्यानं 1025च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात व्यवस्थित मांडलेला हा विचार आहे. उष्ण, शीत, आर्द्र आणि शुष्क या एकमेकांविरुद्धच्या गुणांची परस्परांवर क्रिया होऊन जो एक समग्र गुण तयार होतो तो मिजाज. देहात दम, बलग़म, सफ़रा आणि सौदा हे चार द्रव, म्हणजे रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांच्या प्रमाणावरून माणूस कसा, ते ठरायचं. युरोपात गेलात तरी तेच. ‘टेम्परामेंट’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्याचाही अर्थ योग्य प्रमाणात मिसळणं असाच आहे. आपणही ‘माझं पित्त खवळलं’ म्हणतो तेव्हा रागाचा पत्ता देहातल्या द्रवातच शोधतो, फक्त ते आयुर्वेदाच्या वाटेनं.

उर्दूत हा शब्द अदबीनं वावरतो. ‘मिज़ाज कैसे हैं?’ म्हणजे आपली तब्येत कशी आहे? तिथे मिजाज बरा असतो, नरम असतो, रंगीन असतो, चिडकाही असतो. मराठीत आला आणि एकाच छटेत अडकला. मिजास करणं, मिजास दाखवणं, मिजास उतरवणं, मिजासखोर, मिजाशीत राहणं: कुठेही चांगला अर्थ नाही. ‘कुणाची मिजास चालवून घेणार नाही’ असं म्हणणारा समोरच्याच्या प्रकृतीची चौकशी करत नसतो.

असं का झालं? माझं उत्तर असं आहे. माणसाचा स्वभाव आपल्याला दिसत नाही, तो लागतो. नीट वागणाऱ्याचा लागत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही. ठेच लागली की दगड दिसतो तसा स्वभाव बोचला की त्याला नाव मिळतं. म्हणून तटस्थ शब्द एकामागून एक बोचऱ्या बाजूला घरंगळतात. शिष्ट गेला, मिजास गेली, आता ॲटिट्यूड चालला आहे. प्रश्नकर्त्या बाईंच्या सहकाऱ्यानं कोशातून ‘स्वभाव’ हा अर्थ खणून काढला, पण घरंगळलेला शब्द कोशाच्या दोरीनं परत वर ओढता येत नाही.

बाईंच्याच खिडकीसारख्या एका खिडकीसमोर मी रांगेत उभा होतो. पुढे एक आजी, हातात कापडी पिशवी, बरोबर दहा-बारा वर्षांचा नातू. आजींनी विचारलं, “बाळा, डोळ्याचे डॉक्टर कुठं बसत्यात?” खिडकीतला तरुण मान वर न करता म्हणाला, “बोर्डावर लिहिलंय. वाचा.” आजी क्षणभर बोर्डाकडे बघत राहिल्या. डोळ्यांसाठीच आल्या होत्या. मग वळल्या आणि नातवावर खेकसल्या, “हात सोडून कुठं पळतोस रे?” पोरगा कुठेही पळत नव्हता. त्यानं पिशवी हिसकली, पिशवी मागच्या माणसाच्या गुडघ्याला लागली, तो माणूस नातवाला काहीतरी बोलला. तेवढ्यात शेजारच्या खिडकीतली मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, “आजी, अकरा नंबर. जिन्याच्या उजव्या हाताला. सावकाश जा हं, फरशी पुसलीय आत्ताच.” आजी तिला म्हणाल्या, “देव भलं करो गं तुझं,” आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवून निघाल्या. गुडघ्याला पिशवी लागलेला माणूससुद्धा बाजूला सरकला आणि त्यांना वाट करून दिली.

इब्न सीनाची व्याख्या इथे ठेवून बघा. एक गुण दुसऱ्यावर क्रिया करतो, दुसरा पहिल्यावर, आणि त्यातून काहीतरी तिसरंच तयार होतं. त्याला हे एका देहापुरतं म्हणायचं होतं. मला ते त्या रांगेत चार देहांमध्ये घडताना दिसलं. खिडकीतल्या तरुणाचा कोरडेपणा आजींमधून नातवात, नातवातून पिशवीत आणि पिशवीतून मागच्या माणसात उतरला. शेजारच्या मुलीचं एक वाक्य तितक्याच माणसांमधून उलट्या बाजूनं फिरलं. मिजाज या शब्दाचा मूळ अर्थ मिसळण हाच आहे, आणि माणसांचे स्वभाव असे मिसळत असतातच, कुणी ठरवो वा न ठरवो.

आणि आता मला या शब्दातलं सगळ्यात आवडतं ते. मराठीत चांगल्या स्वभावाच्या माणसाला आपण काय म्हणतो? मनमिळाऊ. माणसांत मिसळणारा. ‘मिळून-मिसळून राहते हो’ ही सुनेची सर्वांत मोठी स्तुती. म्हणजे मिसळण्याची कल्पना मराठीनं आपल्या देशी क्रियापदांत ठेवून घेतली आणि तिथे तिला मान दिला. बाहेरून आलेल्या मिसळण्याच्याच शब्दाला मात्र न मिसळणाऱ्या माणसाच्या नावावर चढवलं. मिजासखोर म्हणजे जो मिसळत नाही तो! शब्दाचा अर्थ इतका पूर्ण उलटा फिरलेला मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, की ‘मिसळ’ संस्कृत ‘मिश्र’वरून, तेव्हा ‘मिजाज’ही मिश्रवरूनच अरबांकडे गेला असणार. हे मी व्याख्यानात ऐकलेलं आहे आणि ते चूक आहे. अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो आणि त्याचं सगळं कुटुंब त्याच तीन व्यंजनांवर उभं राहतं. मिज़ाजचं कुटुंब अरबीतच पूर्ण आहे, त्याला दत्तक जायची गरज पडली नाही. दोन शब्द सारखे ऐकू आले की नातं जोडायचं, यानं व्युत्पत्तिशास्त्राचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं अज्ञानानंही केलेलं नाही.

आता शेवटचा ‘स’ कुठून आला? मूळ शब्दात दोन वेगळे ज आहेत. मधला ‘जाळं’मधल्या ज सारखा घासून येणारा, शेवटचा ‘जीवन’मधल्या ज सारखा तालव्य. सोपं उत्तर असं देतात, की बोलताना शेवटचा ज झिजला आणि स झाला. मला ते पटत नाही. इलाज बघा, रिवाज बघा, ताज बघा. तिघेही त्याच वाटेनं मराठीत आले, तिघांच्याही शेवटी तोच तालव्य ज, आणि तिघांचाही ज जागच्या जागी आहे. इलाजचा इलास झाला नाही. मग एकट्या मिजाजलाच काय झालं? शिवाय इलाज आणि रिवाज मराठीत पुल्लिंगी आहेत, उर्दूतला मिज़ाजही पुल्लिंगी. मराठीत मात्र ‘ती मिजास’. ध्वनीही बदलला आणि लिंगही बदललं. नुसत्या झिजेनं लिंग बदलत नाही.

माझा कयास असा. मराठीत फारसी ‘-आइश’ शेवटाचे शब्द आले आणि त्यांचा शेवट ‘-आस’ झाला. आराइशची आरास, पैदाइशची पैदास. दोन्ही स्त्रीलिंगी: गणपतीपुढची ती आरास, डासांची ती पैदास. अशी एक ‘-आस’वाली स्त्रीलिंगी रांग तयार असताना मिजाज तिच्यात जाऊन उभा राहिला. ‘स’ही तिथलाच, लिंगही तिथलंच. आणि तो त्याच रांगेत का शिरला, यालाही कारण आहे. ज्या काळी मिजाजचा अर्थ प्रकृतीकडून तोऱ्याकडे सरकत होता, त्या काळी तो आतला गुण न राहता बाहेर मांडून दाखवायची गोष्ट होत होता. आरास मांडतात, मिजास दाखवतात. अर्थ आणि ध्वनी एकाच दिशेनं वळले. हा माझा तर्क आहे, कुठल्या कोशाचा नव्हे, पण ध्वनी आणि लिंग या दोन्ही बदलांचा एकदम हिशोब लागेल असं दुसरं स्पष्टीकरण मला अजून कुणी दिलेलं नाही.

असे बाहेरून आलेले शब्द भाषेतून काढून टाका म्हणणाऱ्यांना मी इथेच विचारतो: मिजास काढून काय ठेवणार? ‘अहंमन्यता’? आईनं पोराला ‘तुझी अहंमन्यता इथे चालणार नाही’ असं म्हणून दाखवावं. कवी माधव जूलियन यांनी 1925मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ रचला आणि 1938मध्ये परके शब्द टाळण्याची बाजू घेणारा ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्यांच्या व्यासंगापुढे मी मान झुकवतो, पण या दोन कामांपैकी मराठीला जास्त उपयोगी पडलं ते पहिलं, असं माझं ठाम मत आहे. त्या कोशानं शब्दांची घरं दाखवली. घर कळलं की शब्दाला हाकलायची इच्छा राहत नाही.

जाता जाता ‘ॲटिट्यूड’च्या घराचंही सांगायला हवं. तो मुळात चित्रकार-शिल्पकारांचा शब्द. लॅटिनमधून इटालियनात, तिथून फ्रेंचात, आणि अर्थ काय, तर मूर्ती किंवा चित्रातल्या आकृतीची उभं राहण्याची ढब. मनाचा कल हा अर्थ पुष्कळ नंतरचा. मराठीत याला अगदी जुळणारा शब्द आहे, पवित्रा. कुस्तीत, लाठी-दांडपट्ट्यात पाय रोवून घ्यायची ती ठेवण. हिंदीतला पैंतरा तो हाच. पावित्र्याशी त्याचा काही संबंध नाही, मूळ ‘पदान्तर’, म्हणजे पाऊल बदलणं. वर्तमानपत्रांत ‘सरकारचा आक्रमक पवित्रा’ रोज छापून येतो, पण घरी-दारी तो फारसा बोलला जात नाही. बोलला जायला हवा. ‘आल्या आल्या त्यानं असा पवित्रा घेतला, की पुढे बोलायची सोयच राहिली नाही’ या वाक्यात ‘ॲटिट्यूड’ची उणीव कुणाला भासते? बाईंच्या सूचनेत मात्र तो घालू नये, खिडकी म्हणजे आखाडा नाही. तिथे ‘वागणूक’च.

एक विनंती आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे दख्खनी उर्दू रोजच्या कानावर असते. तिकडच्या जुन्या माणसांच्या मराठीत कुणी ‘त्याचा मिजाज’ असं पुल्लिंगी आणि ज-सकट, आणि घमेंडीच्या अर्थानं बोलताना ऐकलं असेल, तर पूर्ण वाक्य जसंच्या तसं, गावाच्या नावासह कळवावं. तसं एक जरी पक्कं वाक्य मिळालं, तर ‘आरास’च्या रांगेत शिरण्याआधीच मिजासचा अर्थ फिरला होता असं ठरेल, आणि माझा वरचा तर्क मला निम्म्यावर आणावा लागेल.