आमच्या गावचा व्हाळ (ओढा) दुर्मीळ कीटकांसाठी संरक्षित झाला, तर बागायतीला पाणी मिळेल का?

"चार किड्यांसाठी आमचे पाणी अडवणार का" हे तुमचे वाक्य मी सख्ख्या काकांच्या तोंडून ऐकले आहे, म्हणून लिहिते.

आमची पोफळीची बाग दोडामार्ग तालुक्यात व्हाळाच्या काठी आहे. काही वर्षांपूर्वी वैशाखात काकांनी व्हाळ 'साफ' करायला जेसीबी आणला, काठचा केवडा आणि जांभळी उपटल्या, पालापाचोळ्याचे कोंड (डोह) बुजवले आणि पात्र सरळ करून टाकले. मी आडवी गेले, तर 'किड्यांची वकीलबाई' ठरले. त्या पावसात पाणी बांधासकट पोफळीची एक ओळ घेऊन गेले आणि एरवी चैत्रापर्यंत वाहणारा व्हाळ माघातच आटला. टाचण्याही (चतुरासारखे, पण बारीक अंगाचे किडे) दिसेनाशा झाल्या. पंख फुटल्यावर टाचणी फार तर काही आठवडे जगते. त्याआधी कित्येक महिने तिचे पिल्लू पाण्याखाली वाढते, तेव्हा कोंड बुजवणे म्हणजे तिचे घरच बुजवणे.

हे किडे फालतू नाहीत. देवगडच्या विमलेश्वरच्या पाणथळीतली टाचणी 2019 साली, तर चौकुळचा चतुर 2022 साली शास्त्राला नवीन म्हणून नोंदला गेला; दोन्ही आपल्याच सिंधुदुर्गातले.

आता तुमच्या पाण्याचे. आमच्याच तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाची 2.59 हेक्टर दलदल जैवविविधता वारसा स्थळ आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 37 प्रमाणे असे स्थळ स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करूनच जाहीर करता येते, आणि ज्यांचे आर्थिक नुकसान होईल त्यांच्या भरपाईची योजना करणे शासनावर बंधनकारक आहे. पाटाचे पाणी चालू राहील की नाही, हे तुमच्या जागेच्या आराखड्यावर ठरेल. ग्रामपंचायतीत तो मागून वाचा. मात्र पाण्याची हमी मागताना काठावर यंत्र लागणार नाही, हेही त्यात लिहून घ्या, मग घरातले वडीलधारे कितीही रागावोत.

त्या वर्षी पाऊस लवकर आवरला होता, असे काका म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण आमच्या वरच्या अंगाला, जिथे शेजाऱ्यांनी झाडे राखली होती, तिथल्या कोंडात त्याच वर्षी शिमग्यालाही गुडघाभर पाणी होते.